मधुमक्याची आढी घालू नका

आंबा उतरवून आढीत घातला की गोड होतो. मधुमक्याचं, म्हणजे स्वीट कॉर्नचं, नेमकं उलटं आहे. कणीस ताटावरून मोडलं की दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं, आणि ढिगात जितकी ऊब तितका त्याचा वेग जास्त. मधुमक्याच्या साध्या वाणांत ३० अंश सेल्सिअसला एका दिवसात निम्म्याहून जास्त साखर जाते. तोच माल शून्य अंशाजवळ ठेवला तर दिवसाला जेमतेम ६ टक्के. सुपरस्वीट वाणांत ही घट बरीच सावकाश होते. पण ओलावा त्यांचाही जातो आणि दाणा सुरकुततो.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात टोकलेला (बी टोचून लावलेला) मधुमका आता सातारा, कोरेगाव, कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात तोडणीला येतोय. कास पठारासाठी आणि ठोसेघरच्या धबधब्यासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे रस्त्याकडेच्या शेगड्याही याच दिवसांत पेटतात. मागणी आहे, दरही मिळतो. पट्टी, म्हणजे मालाचे हातात पडणारे पैसे, बिघडते ती बहुतेक वेळा तोडणी ते गाडी या मधल्या बारा तासांत.

तारीख बांधून ठेवा

पेरणीपासूनचे दिवस मोजून तोडणी ठरवू नका. पाऊस लांबला, ढगाळ राहिलं की आठवड्याचा फरक सहज पडतो. निम्म्या झाडांच्या कणसांना केस बाहेर आले की ती तारीख लिहा आणि प्लॉटच्या चारही बाजूंच्या दहा-बारा ताटांना सुतळी बांधा. खरिपात तिथून १८ ते २२ दिवसांत कणीस तयार होतं. कडक उन्हाळ्यात एक-दोन दिवस आधी, थंडीत तीन-चार दिवस उशिरा.

सतराव्या दिवसापासून रोज त्याच ताटांकडे फेरी मारा. केस तपकिरी होऊन वाळलेले, पण आवरणात शिरतात तिथे अजून ओलसर हवेत. शेंड्यावर अंगठा दाबा. टोकदार लागला तर दाणा अजून भरतोय, बोथट आणि भरीव लागला तर आला. तरीही शंका असेल तर एकच कणीस उघडा आणि मधल्या दाण्यात नख रुतवा. पाण्यासारखा रस उडाला तर दोन दिवस थांबा. दुधासारखा पांढरा चीक आला तर त्याच दिवशी माणसं लावा. पिठाळ लगदा नखाला चिकटला तर उशीर झालाय, तो माल भाजायला किंवा जनावरांना.

पाहण्यासाठी प्रत्येक ताटावरचं कणीस सोलत सुटू नका. उघडं पडलेलं कणीस पाखरं फोडतात, त्यात पाणी शिरतं आणि दोन दिवसांत टोकाला बुरशी धरते. दाणा दुधात राहण्याचा हा काळ आपल्याकडे खरिपात चार-पाच दिवसांचा, ऊन तापलं तर तीनच.

तोडायचं कधी, आणि कसं

एका हातानं ताट धरा, दुसऱ्या हातानं कणीस खाली दाबून पिरगाळा. आवरण काढायचं नाही. मात्र लांब दांडा आणि बाहेर लोंबणारी पानं कापून टाका. ती हिरवी दिसतात म्हणून बरेच जण ठेवतात, पण दाण्यातलं पाणी ओढून घेणारी तीच असतात.

वेळेबाबत सरधोपट सल्ला असतो की पहाटे तोडा. तो बरोबर आहे, पण माल तुमच्या हातून लगेच जाणार असेल तरच. सकाळी सातला तोडून गाडी रात्री नऊला येणार असेल, तर चौदा तास कणसं बांधावर तापतात. पुण्याच्या मार्केट यार्डला रात्रीच्या गाडीनं माल जाणार असेल आणि गार करायची सोय नसेल, तर ऑगस्टच्या ढगाळ हवेत दुपारी चारनंतर तोडलेला माल जास्त चांगला पोचतो. ऑक्टोबर हीटमध्ये हे चालत नाही. दिवसभर तापलेलं कणीस आतून गरमच गाडीत चढतं. त्या महिन्यात पहाटे तोडा आणि त्याच सकाळी जवळच्या बाजारात संपवा.

तोडलेला माल झाडाखाली किंवा शेडमध्ये, पण ढिगाचा थर गुडघ्याच्या वर नको. कणीस तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट लागते. उंच ढीग करून त्यावर ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत वाफ धरते. अशा ढिगात मधोमध हात घालून बघा, हाताला ऊब लागेल. पाऊस असेल तर ताडपत्री वरून टाका, बाजू मोकळ्या ठेवा. वाहतुकीला भोकांचे प्लास्टिक क्रेट उत्तम, नाहीतर जाळीची पिशवी. बंद गोणी किंवा खताचं रिकामं पोतं नको.

बर्फाचा हिशेब

मोठे खरेदीदार बर्फाच्या पाण्यात बुडवून माल गार करतात. गावपातळीवर कुटलेला बर्फ परवडतो. १० किलो कणसं २८ अंशांवरून ४ अंशांवर आणायला हिशेबानं अडीच किलो बर्फ लागतो. रस्त्यातली वितळ धरून ४ किलो घ्या. क्रेटच्या तळाला थोडा, मध्ये थोडा आणि निम्मा वरती. वितळलेलं पाणी खाली वाहून जायला हवं. मक्याला या गारव्याचा त्रास होत नाही आणि ओल लागली तरी चालते, अट एवढीच की तो गारच राहिला पाहिजे. ओला आणि उबदार हा मेळ सगळ्यात वाईट.

बर्फ नसेल तर विहिरीच्या स्वच्छ पाण्यात क्रेट बुडवून काढा, वर ओलं गोणपाट टाका. थोडे अंश का होईना, खाली येतात.

तासगाव, सांगलीकडे कोल्ड स्टोरेज भरपूर आहेत, म्हणून तिथे मका ठेवायचा विचार कुणी करत असेल तर आधी आतली आर्द्रता विचारा. ती बहुतेक बेदाण्यासाठी, म्हणजे कोरड्या मालासाठी चालवलेली. मक्याला शून्य अंशाजवळ तापमान आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. तशी सोय मिळाली तरी आठवडाभराच्या पलीकडे ठेवू नका. भाव वाढेल म्हणून साठवायचा हा माल नव्हे.

घेणाऱ्यानं काय पाहावं

शेगडीवाले, हॉटेलवाले आणि घरी नेणारे सगळ्यांना लागू. कणसं सोलून टाकून देण्याची सवय आधी सोडा, सोललेलं कणीस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वाळलेलंच जातं. दांड्याची कापलेली बाजू पाहा. फिकट आणि ओलसर असेल तर माल ताजा, तपकिरी आणि कोरडी असेल तर एक-दोन दिवसांचा तरी शिळा. आवरण हिरवं आणि घट्ट हवं. केस काळे, बुळबुळीत आणि आंबूस वासाचे असतील तर सोडून द्या. दाण्यावर खळी पडली असेल तर पाणी गेलंय. पोत्यानं घेत असाल तर वरची दोन कणसं पाहून सौदा करू नका, पोत्याच्या पोटात हात घाला.

शेंड्याला बोटभर दाणे नसणं हा चवीचा दोष नाही. केस आले तेव्हा पाण्याचा ताण किंवा परागाची कमतरता होती एवढंच. शेंड्याला अळी असेल तर तो भाग कापून बाकीचं खाता येतं. बाजूला भोक असेल तर नको. किलोनं घेताना आवरण आणि दांडा मिळून साधारण तिसरा हिस्सा वजन जातं, हे धरूनच भाव बोला.

भाजायला म्हणाल तर साध्या मक्याचं कोवळं कणीस जास्त खमंग लागतं. मधुमक्यात पाणी जास्त, निखाऱ्यावर दाणा पटकन आकसतो. तो उकडून घ्यावा.

घरी फ्रीजमध्ये आवरणासकट, पिशवीत घालून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. वर्षभरासाठी ठेवायचे असतील तर सोललेली कणसं उकळत्या पाण्यात ४ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, मग निथळून दाणे काढा आणि पिशवीतली हवा दाबून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ठेवा. उकळण्याची पायरी गाळली तर गोठल्यावरही चव हळूहळू बिघडत जाते.

अळी, फवारणी आणि पुढची लागण

लष्करी अळी २०१८ पासून आपल्या मक्यात ठाण मांडून आहे. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, असतानाच आवरायची. एकदा कणसाच्या आवरणाआड शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, औषध मात्र कणसावर राहतं. केस आल्यानंतर तोडणीला तीनच आठवडे उरतात, म्हणून लेबलवरचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यांत सोडायचे दिवस) वाचल्याशिवाय डबा उघडू नका. हिरवी वैरण जनावरांना घालायची असेल तर तिलाही तोच नियम लावा.

रब्बीला लावणार असाल तर शेजारच्या बांधावर साधा मका आहे का, ते आत्ताच विचारा. त्याचा पराग वाऱ्यानं आला तर याच हंगामातल्या कणसात कडक, पिठूळ दाणे भरतात. अडीचशे-तीनशे मीटर अंतर ठेवा किंवा पेरणीत १५ ते २० दिवसांचा फरक. एकदम एकर लावण्यापेक्षा १० गुंठ्यांचे तुकडे आठ-दहा दिवसांच्या अंतरानं टोका. ६० × २० सेंटीमीटरवर १० गुंठ्यांत साधारण ८,४०० झाडं बसतात, म्हणजे एका वेळी झेपेल इतकी तोडणी. तुकडा चौकोनी असू द्या. बांधालगत एक-दोन लांब ओळी लावल्या तर पराग वाऱ्यावर जातो आणि कणसं अर्धवट भरतात.

तोडणी झालेली हिरवी ताटं उभी वाळू देऊ नका. मुरघास (दाबून, हवाबंद मुरवलेला चारा) करायचा असेल तर कापून एक दिवस सुकवा, मगच कुट्टी करून दाबा. तशीच ओली भरली तर खड्ड्याच्या तळाला पाणी सुटतं आणि खालचा थर नासतो.