कारचा विमा: सक्तीचा भाग आणि ऐच्छिक भाग

कारचा विमा घेताना सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की, बहुतेक देशांत कायदा ज्या विम्याची सक्ती करतो, तो आपल्या गाडीसाठी नसून आपल्या गाडीमुळे इतरांना झालेली इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचे नुकसान यांच्या भरपाईसाठी असतो. यालाच थर्ड पार्टी विमा म्हणतात. केवळ हाच विमा असताना आपल्याच चुकीने अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा सारा खर्च आपल्यालाच करावा लागतो, आणि ही गोष्ट अनेकांना दुर्दैवाने अपघातानंतरच कळते.

स्वतःच्या गाडीचे अपघात, चोरी, आग किंवा पूर यांमुळे होणारे नुकसान भरून देणारे संरक्षण सहसा ऐच्छिक असते. मात्र गाडी कर्जावर घेतली असल्यास कर्ज देणारी संस्था ते बहुधा बंधनकारक करते. हे संरक्षण घेताना विम्याच्या हप्त्याइतकेच लक्ष डिडक्टिबलकडे, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः भरायच्या रकमेकडे द्यावे. ही रक्कम वाढवली की हप्ता घटतो, परंतु ती अडचणीच्या वेळी सहज उभी करता येईल एवढीच असावी.

गाडी जुनी होऊन तिची बाजारातील किंमत बरीच उतरली असेल, तर ऐच्छिक संरक्षणावरील खर्चाचा पुनर्विचार जरूर करावा. थर्ड पार्टी संरक्षणाची मर्यादा निवडण्याची मुभा असेल, तर मात्र माझ्या मते तेथे काटकसर करू नये, कारण मर्यादेपलीकडील भरपाई स्वतःच्या मिळकतीतून द्यावी लागू शकते.