दगडांचं पाणी वेगळं

घासायचे दगड वेचायला जायचं तर पाच लिटरचा कॅन, पाण्याने भरलेला, पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त. हे आधीच लिहून टाकते, कारण मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि मामा, मामी आणि मी अशा तिघांनी मिळून एकोणीस किलो कचरा डिक्कीत घालून नागपूरला आणला.

मामा रेल्वेतून रिटायर झाल्यापासून बाल्कनीत ग्राइंडर लावून दगड घासतात. अकीक, गारगोटी, जे हाती लागेल ते. अंगठीचे खडे, गळ्यातली पदकं करतात आणि भाचरांना वाटतात. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला, तेव्हापासून टेकड्या बंद. त्यांना चालेल अशी जागा शोधून आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात काटोल रोडने निघालो. मामींनी विचारलं, "पाणी घेतलं?" घेतलं होतं, चांगल्या सहा बाटल्या. जागेवर मामांनी पहिला गोटा उचलला, त्यावर बाटली उपडी केली, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "वा!" मग दुसरा, मग तिसरा. अकरा वाजेपर्यंत पाच बाटल्या दगडांनी पिऊन टाकल्या. सहावी मामींनी पर्समध्ये दडवली होती म्हणून मामा चक्कर येऊन पडले नाहीत, नुसते मटकन बसले. पुढचा तासभर मी कोरडेच गोटे भरत राहिले, घरी पाहू म्हणून. घरी बादलीत टाकले तर निम्मा काळा दगड, बाकी कॅल्साइट, म्हणजे मऊ पांढरं खनिज. कामाचे निघाले तीन.

कोरड्या गोट्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. खरखरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि सगळेच गोटे पिठात लोळवलेल्या बटाट्यासारखे दिसतात. पाण्याने ते खाचखळगे भरले की आतला रंग, पट्टे, शेवाळासारख्या हिरव्या रेघा वर येतात. घासूनपुसून झाल्यावर दगड जसा दिसणार, साधारण तसाच ओला दिसतो. दुसरं कारण मला मामांनी घरी आल्यावर शिकवलं, आणि ते जास्त महत्त्वाचं. ओला गोटा उन्हात धरायचा आणि वाळू द्यायचा. अंग वाळतं, पण तडा गेला असेल तिथे पाणी मुरलेलं राहतं आणि काळी रेघ मागे उरते. रेघ दिसली की टाका फेकून, तो ग्राइंडरवर फुटणारच. आपल्या उन्हात या परीक्षेला फार वेळ लागत नाही. पण पाणी पाहिजे.

"तिथे नाला आहे ना" असं म्हणू नका. फेब्रुवारीनंतर नाल्यात वाळू असते. विहीर असते, पण शेतीची लाइन कधी रात्रीची, दिवसा मोटर चालेलच असं नाही, आणि दुसऱ्याच्या विहिरीत बादली सोडायला गुडघा बदललेल्या माणसाला घेऊन जाणार का? कॅन न्या.

आता जागा. नागपूर बरोबर सांध्यावर बसलंय. पश्चिमेला डेक्कन ट्रॅपचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. तिकडे मनसर, कांद्रीला मँगनीज आहे आणि गोंडाइट नावाचा गार्नेटवाला दगडही, गोंडांवरून नाव पडलेला. ऐकायला छान, पण खाणीच्या हद्दीत कोणी फिरू देत नाही आणि आमच्या कामाचं तिथे काही नाही. तेव्हा पश्चिमच: काटोल, कळमेश्वर, हिंगणा, अमरावती रोडने कोंढाळीकडे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मागाहून त्या पोकळ्यांत सिलिका (गारगोटी जिची बनते ती), कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजं भरली. आपल्याला हवं ते सिलिकावालं: अकीक, कॅल्सेडनी, जास्पर. काळा दगड झिजून जातो, आतला अकीक टणक म्हणून गोट्याच्या रूपात मागे राहतो.

त्यामुळे गिट्टीच्या खदानीत जाऊ नका. एक तर तिथे सुरुंग, डंपर आणि मुकादमाची कटकट. दुसरं म्हणजे क्रशरवाल्याला अखंड, घट्ट दगड लागतो, आणि अखंड दगडात पोकळ्याच नसतात. आपल्याला पाहिजे देवीचे वण असलेल्या चेहऱ्यासारखा, भुसभुशीत, मुरमाड दगड. नकाशा हवा असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर फुकट दिसतो. पण लाव्हाचा कोणता थर पोकळ्यांचा हे नकाशा सांगत नाही, रस्त्याची कापलेली कड सांगते. गाडी हळू चालवा आणि कडेकडे पाहा. पाहणारा एक, चालवणारा दुसरा, हेही सांगावं लागतं.

वयस्क माणूस बरोबर असेल तर मात्र सगळ्यात उत्तम जागा ना डोंगर, ना नाला. वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध! नांगरटीत वर आलेले गोटे शेतकरी वर्षानुवर्षं वेचून धुऱ्यावर टाकतात. ढीगच्या ढीग आयते निवडून ठेवलेले, बहुतेक वेळा रस्त्याला लागून आणि बाभळीच्या सावलीत. दुसरी जागा नव्या विहिरीचा उपसा: दहाबारा मीटर खालचा ताजा माल काठावर पसरलेला असतो. फक्त विहीर बांधलेली नसेल तर तिच्या तोंडाशी जायचं नाही, मामांनीही नाही आणि तुम्हीही नाही. आमचा नियम असा: डांबरी रस्त्यावर गाडी, तिथून शंभर पावलांच्या आत ढीग, मधे नाली नाही, काटेरी तार नाही. आदल्या आठवड्यात मी एकटी स्कूटीवर जाऊन पावलं मोजून येते. उपग्रहाच्या चित्रात धुरा दिसतो, तार दिसत नाही.

विचारल्याशिवाय धुऱ्याला हात लावायचा नाही. धुरा म्हणजे दोन वावरांची हद्द, त्यावरून विदर्भात डोकी फुटतात. गेल्या वेळचा संवाद असा:

"काय शोधता जी?"

"गोटे पाहतो दादा. न्यावे का चारदोन?"

"गोट्याचं काय करता?"

"घासून अंगठी करतात हे."

त्याने मामांकडे, मग त्यांच्या काठीकडे पाहिलं. "चारदोन काऊन? पुरा ढीगच न्या ना! वावर साफ होते माह्यं."

सगळे असे भेटत नाहीत. नाही म्हटलं की नाही, वाद घालायचा नाही. खोदायचं तर मुळीच नाही. अकीक आणि जास्पर २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहेत. फावडं घेऊन उतरलात तर तो छंद राहत नाही, उत्खनन होतं. जंगलात तर पडलेला दगडही उचलू नका. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला दगडसुद्धा वनोपज धरला आहे. शिवाय कोंढाळी, हिंगण्याच्या पुढे बोर व्याघ्र प्रकल्पाचा पट्टा लागतो, तिथे वाघाला तुमच्या गुडघ्याचं काही पडलेलं नाही. काटोल रोडवरच जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, महापाषाण काळातली, संरक्षित. दगडांची गोल मांडणी दिसली की गाडीतूनच नमस्कार. आणि वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवरचे गोटेही तिथेच असू द्या. शेख फरीदबाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, ते हे गोटे, अशी कथा आहे. भूशास्त्राच्या लेखी ते झिओलाइट. म्हणजे मऊ, घासून चमकणार नाहीत. श्रद्धा नसली तरी उचलायला कारण नाही.

महिना कोणता? पावसाळा संपून काळी माती सुकली की, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाने गोटे धुऊन वर आलेले असतात, आणि कापूस-तूर उभी असली तरी धुरा मोकळा असतो. ओल्या काळ्या मातीत जाऊ नका. बुटाला दोन-दोन किलोचा लपेटा बसतो, काठी रुतते, गाडी वळवता येत नाही. पावसाळ्यात नाल्याच्या पात्रात तर नकोच. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच मातीतले जीवाश्म आणि खडक गोळा करत फिरले, नागपूरच्या टाकळीच्या थरातल्या दगड झालेल्या गोगलगायी जगाला दाखवल्या, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना फुगलेल्या नाल्यात बुडाले. फेब्रुवारीनंतरही नको. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. तेही पारा चढला म्हणून नव्हे, कॅन नव्हता म्हणून.

सामान. टोपी, डबा, औषधं, चार्ज केलेला फोन हे सांगायला नको. मामांसाठी घडीचा स्टूल, पण बुटका नको, गुडघ्याच्या उंचीचा. बुटक्यावर बसता येतं, उठता येत नाही. मी आधी प्लॅस्टिकचा पाट नेला होता, त्यांना उठवायला दोघं लागले. स्टूलच्या पायांखाली घालायला लाकडी फळी, नाहीतर मातीत पाय जातात. गोटे मीच आणून त्यांच्यापुढे मांडते, ते निवडतात. म्हणजे चालणं जवळजवळ शून्य. मामींसाठी आणि स्वतःसाठीही वाटेतला पेट्रोल पंप आधी पाहून ठेवा आणि तिथलं स्वच्छतागृह उघडं आहे का तेही, नुसती पाटी पाहून विश्वास ठेवू नका.

एक जुना चाकू. अकीकावर त्याचा ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर सहज उठतो. दहापैकी मोजायच्या मोहस मापात कॅल्साइटचा कडकपणा तीन, अकीकाचा साडेसहा-सात, आणि ग्राइंडरला हाच फरक कळतो. चाकूची रेघ उठली की मग तो कितीही पांढराशुभ्र असो, ठेवा खाली. मागच्या वेळी चाकू होता. पण मातीने माखलेल्या गोट्यावर चाकू ओढला तर रेघ मातीवर उठली की दगडावर, हे कसं कळणार? परत तेच, पाणी. पातळ कड सूर्यासमोर धरा, अकीक असेल तर मधासारखा उजेड आत शिरतो. तीही कड धुतलेली हवी. आलं ना लक्षात?

कॅनबरोबर एक पसरट टब, जुना टूथब्रश आणि कुंड्यांवर फवारा मारायची बाटली. आधी टबात बुचकळून माती काढायची, मग फवाऱ्याने पाहायचं. टबातलं गढूळ पाणी बदलायचं नाही, तेच दुपारपर्यंत चालतं. अशाने पाच लिटरमध्ये दोनेकशे गोटे पाहून होतात. नाहीतर एकेका गोट्यावर अर्धी बाटली, मामांची पद्धत. कॅनला लाल चिकटपट्टी लावा आणि मोठ्या अक्षरात 'दगडांचं' लिहा. पिण्याच्या बाटल्या गाडीत पुढच्या सीटखाली, कॅन बाहेर ढिगापाशी. दोन्ही एका जागी ठेवलं की छंदी माणूस कोणतं उचलेल याचा नेम नाही. आणि निघताना "पाणी घेतलं का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो येतं. "दगडांचं घेतलं का" असं विचारा.

हातोडा न्यायचाच असेल तर चष्मा सक्तीचा, अकीकाची कपची काचेसारखी उडते. ढिगातला गोटा उचलताना आधी काठीने पलीकडची कड आपल्याकडे वळवायची, म्हणजे खाली विंचू, घोणस जे असेल ते पलीकडे निघून जातं. हातमोजे. पिशव्या सिमेंटच्या, दुहेरी, प्रत्येकी पाच किलोच्या वर नाही.

जागेवर दोन तास, बस. ऊन चढलं की कोणी काही म्हणो, निघायचं. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: कुठला धुरा, कोणती तारीख. फोनवर फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. परतीला कोंढाळीकडून असाल तर चहा.

घरी पुन्हा एकदा बादलीत घालून निवड. तडे, चाकू, उजेड. उरलेले अंगणात टाका, फ्लॅट असेल तर सोसायटीच्या बागेत, पण विचारून. घासताना पाणी चालूच ठेवायचं, कोरडं कधीही नाही. सिलिकाची धूळ छातीत बसते, गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. मास्क वेगळा, पाणी वेगळं, दोन्ही हवं. आणि ग्राइंडरखालचा तो राखाडी गाळ मोरीत ओतू नका. वर्तमानपत्रावर वाळवा आणि कचऱ्यात टाका. आमच्या मोरीत तो सिमेंटसारखा बसला, प्लंबरने चारशे रुपये घेतले आणि वर मामींचं ऐकावं लागलं ते निराळं.