कंबर तर दुखतेय आणि ती गोळी घ्यायची नाहीये, मग करायचं काय

माझी कंबर आठ वर्षं दुखतेय आणि ट्रामाडॉल (अफूच्या जातीतली पेनकिलर, तिचं मला व्यसन लागलं होतं) सुटून तीन वर्षं झालीत. व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटला एकदाचा, पण गोळी सुटली म्हणून मणक्यातली गादी काही जागेवर गेली नव्हती, आणि आता दुखलं की काय करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून मी जे शिकलो ते लिहितोय. डॉक्टर नाहीये मी, औषध-डोस तुमच्या डॉक्टरला विचारूनच.

सुरुवातीला दुखणं आधीपेक्षा जास्त वाटतं आणि ते नाटक नसतं. अफूच्या जातीतल्या गोळ्या बरेच दिवस खाल्ल्या की काहींच्या नसा उलट जास्त चिडक्या होतात, साधं दुखणंही मोठं लागतं. ते हळूहळू उतरतं. मला हे माहीत असतं तर पहिल्यांदा सोडली तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मेडिकलवर पळालो नसतो.

दुखणं आहे की तलफ आहे? माझ्यापुरतं असं आहे की तलफ असली की आधी मेडिकलचा रस्ता डोळ्यासमोर येतो आणि मग कंबर आठवते. पण बऱ्याचदा दोन्ही हातात हात घालूनच येतात, त्यामुळे मी फार डोकं लावत नाही, गरम पाण्याची पिशवी घेऊन वीस मिनिटं पडतो आणि व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगमधल्या एका मित्राला फोन लावतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक लाजतात: प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. दाताच्या डॉक्टरलासुद्धा. मी सरळ म्हणतो, "मला ट्रामाडॉलचं व्यसन होतं, त्या जातीतलं काही नको, आणि ऑपरेशनसारखं काही असेल आणि द्यावंच लागलं तर मोजून, थोड्या दिवसांचं द्या आणि स्ट्रिप बायकोच्या हातात द्या." एकदा एका डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, मी दुसरा डॉक्टर शोधला, विषय संपला.

स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखाली आहे तरी पॅरासिटामॉलसोबतच्या कॉम्बिनेशन गोळीत ते असतं, टॅपेंटाडॉल त्याचंच भावंड, खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन. आणि आयुर्वेदिक म्हणजे निर्धास्त असं नाही हं, कामिनी विद्रावण रसात अहिफेन असतं, अहिफेन म्हणजे अफूच. जडीबुटीवाल्याच्या पुडीत तर काय घातलंय देव जाणे.

मग घ्यायचं काय? माझं साधं पॅरासिटामॉलवर भागतं (सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते धरून मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, दारूनं लिव्हर खराब असेल तर त्याहून बरंच कमी), वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल, आणि नसेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिलंय. प्रीगाबालिनही देतात, पण त्याचीही चटक लागू शकते, जुनं व्यसन आधी सांगा. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज मनानं खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही जातात.

जिभेखालची बुप्रेनॉर्फिन (अफूच्या जातीतलं व्यसन सोडवायला डॉक्टर देतात ती गोळी) चालू असेल तर दुखतंय म्हणून किंवा नातेवाईक "एक नशा सोडून दुसरी" म्हणतात म्हणून ती मनानं बंद करू नका. उलट तिनं दुखणंही कमी होतं, फक्त तो परिणाम सहा-आठ तासच टिकतो, म्हणून दिवसाचा तोच डोस तीन वेळा विभागता येईल का हे डॉक्टरांना विचारा. नाल्ट्रेक्सोनवर (अफूच्या जातीतल्या औषधांचा परिणाम अडवणारी गोळी) असाल तर तसं लिहिलेला कागद पाकिटात ठेवा, कारण अपघातात अफूच्या जातीतलं पेनकिलर इंजेक्शन नेहमीसारखं लागू पडणार नाही, आणि ठरलेलं ऑपरेशन असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची ते आधीच विचारून घ्या.

बाकी खरा आराम मला चालण्यानं पडला. दहा मिनिटांपासून सुरू केलं, फिजिओनं शिकवलेले तीन व्यायाम रोज, कंटाळा आला तरी. माझी चूक व्हायची ती चांगल्या दिवशी, बरं वाटतंय म्हणून माळा साफ करायला घेतला आणि पुढचे चार दिवस झोपून, आणि झोपून राहिलं की डोकं त्याच गोळीकडे. आता बरं वाटलं तरी ठरलेलं तेवढंच करतो. दुखणं शून्यावर आणायचा नाद सोडलाय, बसून जेवता येतं, पोरीला शाळेत सोडता येतं, बस.

दोन गोष्टींत वाट बघत थांबायचं नाही. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेना झाली तर लगेच कॅज्युअल्टी. आणि मोहात पडून ती गोळी परत घेतलीच तर जुना डोस तर मुळीच नको, शरीराची सवय गेलेली असते, श्वास बंद पडतो. माणूस उठत नसेल, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेत असेल तर १०८. नुसतं बोलायचं असेल तर नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे.