पीटर्सबर्गच्या उन्हाळी वर्गात रशियन शिकताना

सेंट पीटर्सबर्ग येथील उन्हाळी रशियन अभ्यासक्रमासाठी शक्यतो जून महिना निवडावा, कारण त्या दिवसांत मध्यरात्रीही पुरता अंधार पडत नाही आणि वर्ग सुटल्यावर शहरात हिंडण्यास भरपूर उजेड उरतो. शिक्षणासाठीच्या व्हिसाला संस्थेचे निमंत्रणपत्र लागते, ते वेळेत मागवावे. भारतीय बँकांची व्हिसा व मास्टरकार्ड कार्डे सध्या रशियात चालत नसल्याने रोख रकमेची सोय करूनच निघावे.

३३ अक्षरांची सिरिलिक लिपी मात्र घरीच पक्की करावी. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्राथमिक वर्ग केलेला असल्यास उत्तमच. रोमन लिपीला सरावलेला डोळा येथे फसतो, कारण ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते आणि ‘एच’सारखे दिसणारे ‘न’. परदेशातील महागडे तास अक्षरे गिरवण्यात घालवणे मला तरी पटत नाही.

व्याकरण मराठीच्या आधाराने समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तके तीन लिंगे आणि सहा विभक्ती यांचा मोठा बाऊ करतात. मराठी भाषकाला त्यात अनोळखी असे थोडेच असते. ‘तो गेला, ती गेली’ याप्रमाणेच ‘ओन पश्योल, आना पश्ला’ असे रशियन भूतकाळातील क्रियापदही कर्त्याच्या लिंगानुसार बदलते. शिवाय नामाचे लिंग बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या अक्षरावरूनच कळते, जी सोय मराठी शिकणाऱ्या परक्याला मिळत नाही. खरी मेहनत आघातावर, म्हणजे शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा यावर, घ्यावी लागते. छापील मजकुरात तो सहसा दाखवलेला नसतो आणि आघात नसलेला ‘ओ’ हा ‘अ’कडे झुकतो, त्यामुळे दुधासाठी लिहिलेले ‘मोलोको’ उच्चारात ‘मलाको’ होते. म्हणून प्रत्येक नवा शब्द आघाताची खूण करूनच वहीत उतरवावा. क्रियापदेही जोडीनेच पाठ करावीत, कारण वाचत असणे आणि वाचून पुरे करणे यांसाठी वेगवेगळी रूपे असतात.

दुपारनंतर शहरालाच वर्ग मानावे. मेट्रोमध्ये प्रत्येक स्थानकावर दार बंद होण्याची सूचना आणि पुढच्या स्थानकाचे नाव त्याच ठरावीक वाक्यांत ऐकू येते. ती वाक्ये लेखी न पाहता कानाने टिपावीत. ‘स्तलोवाया’ म्हणजे साध्या खानावळीत बोट न दाखवता पदार्थाचे नाव घेऊन मागावे आणि उन्हाळ्यात क्वास या पाव आंबवून केलेल्या पेयात कालवलेले थंड ‘अक्रोश्का’ सूप अवश्य चाखावे. रशियन चित्रकलेसाठी हर्मिटाजपेक्षा रशियन म्युझियमला अधिक वेळ द्यावा. रात्री नेवा नदीवरील पूल उचलले जाताना पाहायचे असल्यास आपले वसतिगृह कोणत्या काठावर आहे हे आधी पाहावे, अन्यथा पहाटेपर्यंत पलीकडेच अडकून पडावे लागते. मेट्रोही मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते.

शिक्षिकेला तिचे नाव आणि त्यापुढे पितृनाम जोडून, अहो-जाहो करीतच हाक मारावी. कोणी घरी बोलावल्यास फुले न्यावीत, परंतु ती विषम संख्येतच असावीत, कारण सम संख्येतील फुले तेथे अंत्यविधीसाठी वाहतात.