नाशिकहून आइसलँडला जाताय? मग हे आधी वाचा

भारतातून डायरेक्ट फ्लाइट नाही, मुंबईहून युरोपात कुठेतरी बदलून जायचं, व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागतो आणि उन्हाळ्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंट लवकर घ्या. सीट मात्र खिडकीचीच घ्या! केफ्लाविकला, म्हणजे तिथल्या मुख्य विमानतळावर, उतरताना खाली सगळा काळा लाव्हा दिसतो, आपला ब्रह्मगिरीपण लाव्हाचाच पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथे विमानतळाच्याच भागात, रेक्यानेस द्वीपकल्पावर, 2021 पासून परत परत ज्वालामुखी फुटतोय, म्हणून निघण्याआधी रस्ते आणि हवामान दोन्ही चेक करा. थिंगवेट्लिर चुकवू नका, 930 साली लोकांची संसद तिथे उघड्यावर भरली, आणि अमेरिका-युरोपच्या प्लेट्स (जमिनीखालचे प्रचंड खडकाचे तुकडे) तिथेच एकमेकींपासून लांब सरकतायत.

माणसं जेमतेम चार लाख, आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. आडनाव बहुतेकांना नसतंच, वडिलांच्या किंवा आईच्या नावाला मुलगा-मुलगी जोडतात, त्यामुळे कुणालाही सरळ पहिल्या नावानेच हाक मारा, पंतप्रधानांनासुद्धा. खरी ओळख व्हायची तर गावातल्या गरम पाण्याच्या पूलमध्ये जा, सगळे तिथेच गप्पा मारत बसतात. फक्त आत उतरण्याआधी कपडे पूर्ण काढून साबणाने अंघोळ करावीच लागते, लाजू नका, तिथे कुणी बघत नाही.