मुलांना घेऊन मोठ्या शहरात व्हीगन जेवण कसं शोधायचं

मोठ्या शहरात व्हीगन जेवण, म्हणजे मांस-मासे, अंडी, दूध, मध यांपैकी काहीच नसलेलं जेवण, मिळतंच. अडचण अशी की ते दीड किलोमीटरवर असतं, त्याचं किचन संध्याकाळी सहाला उघडतं आणि मुलाला भूक साडेचारला लागलेली असते. एकटा मोठा माणूस तासभर कळ काढतो, चार वर्षांचं मूल दहा मिनिटांत रस्त्यातच बसकण मारतं. म्हणून शोधाशोध भूक लागल्यावर करायचीच नाही. ते काम आदल्या रात्री, मुलं झोपल्यावर उरकायचं.

आदल्या रात्रीची वीस मिनिटं

उद्या ज्या भागांत फिरायचं आहे, त्या प्रत्येक भागात नकाशावर तीन खुणा करा: एक पूर्ण व्हीगन ठिकाण, एक साधं रेस्टॉरंट ज्यात दोन-तीन पदार्थ तरी चालतील, आणि एक सुपरमार्केट. तिसरी खूण बहुतेक जण करत नाहीत, आणि खरी वेळ तीच निभावून नेते. सुपरमार्केटला टेबलासाठी थांबावं लागत नाही, डब्यावर घटक छापलेले असतात आणि केळी कुठेही मिळतात.

शोधायला हॅपीकाउ हे ॲप बरं. वेबसाइट म्हणून ते 1999 पासून चालू आहे आणि पूर्ण व्हीगन, शाकाहारी, आणि काही पर्याय असलेली ठिकाणं ते वेगवेगळी दाखवतं. पण व्हीगन रेस्टॉरंटं भराभर बंद पडतात, त्यामुळे तिथे सापडलेलं नाव गूगल मॅप्सवर टाकून शेवटचा अभिप्राय कधीचा आहे ते पाहा. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी काही लिहिलं नसेल तर फोन केल्याशिवाय जाऊ नका. गूगल मॅप्सवर एखाद्या ठिकाणाच्या अभिप्रायांतही शब्द शोधता येतो. तिथे ‘व्हीगन’ हा शब्द इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, असा दोन्ही प्रकारे टाकून बघा. लोकांनी टाकलेले मेन्यूचे फोटो हॉटेलच्या वेबसाइटपेक्षा ताजे असतात.

आणखी तीन गोष्टी बघून ठेवा: आठवड्याची सुट्टी (सोमवारी बंद असणारी ठिकाणं बरीच), दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणामध्ये किचन बंद असतं का, आणि बाबागाडी आत जाते की जिने चढावे लागतात. अंतर मोजताना नकाशा जी दहा मिनिटं सांगतो, ती लहान मुलाच्या पायांनी वीस होतात. त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, भुयारी स्टेशनात नेट जातं.

जेवणाची वेळ नेहमीपेक्षा तासभर आधी धरा. साडेअकरा-बाराला किंवा किचन उघडल्या उघडल्या गेलात तर टेबल मिळतं, वेटरला तुमच्या प्रश्नांसाठी वेळ असतो आणि हायचेअर मोकळी असते.

कोणत्या पाटीखाली शिरायचं

जवळपास व्हीगन ठिकाण नसेल तर ज्या स्वयंपाकाच्या परंपरेतच असे पदार्थ आहेत, तिकडे वळा. इथिओपियन रेस्टॉरंटमध्ये उपासाचे पदार्थ मागा. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासाला मांस, दूध आणि अंडी चालत नाहीत, त्यामुळे डाळी-भाज्यांची आख्खी थाळी मिळते. एरवीच्या भाज्यांत मसालेदार लोणी असू शकतं, म्हणून ‘उपासाचं’ हा शब्द महत्त्वाचा. तिखट किती आहे हे मुलांसाठी आधी विचारा. अरब किंवा लेबनीज ठिकाणी फलाफल (कडधान्याचे तळलेले वडे), हमस (वाटलेल्या छोल्यांची चटणी), पिटा ब्रेड. दह्याचा सॉस तेवढा वगळायला सांगा. इटालियन ठिकाणी पिझ्झा मारिनारावर मुळात चीज नसतं: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. सुका पास्ता बहुधा गहू आणि पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात बहुधा अंडं. थाई आणि व्हिएतनामी जेवण दिसायला सोपं, पण फिश सॉस जवळपास सगळीकडे असतो. जपानी सूपच्या आणि सॉसच्या मुळाशी माशांचा अर्क असतो. बौद्ध शाकाहारी ठिकाणी मांस-मासे नसतात, तरी अंडं आणि दूध असू शकतं.

विचारायचं कसं

‘हे व्हीगन आहे का?’ हा प्रश्न वाया जातो. घाईतला वेटर ‘हो’ म्हणून मोकळा होतो, आणि त्याच्या मनात त्याचा अर्थ ‘मांस नाही’ इतकाच असतो. उत्तरात हो-नाही चालणार नाही असे प्रश्न विचारा: भाजी कशात परतता? भात कशात शिजवता? सूपचं पाणी कशाचं? ब्रेडला वरून काय लावता? ‘भात चिकनच्या पाण्यात’ किंवा ‘लोण्यात’ ही उत्तरं अशीच बाहेर येतात.

भाषा येत नसेल तर फोनमध्ये स्थानिक भाषेतलं कार्ड ठेवा. त्यात व्हीगन हा शब्द पुरत नाही, यादी हवी: आम्ही मांस, मासे, अंडी, दूध, लोणी, तूप, चीज, दही, साय, मध खात नाही, मांसाचं किंवा माशांचं पाणी आणि सॉसही नाही. भात, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, वनस्पतींचं तेल चालतं. शेवटचं वाक्य गाळू नका. काय चालतं हे कळलं की आचाऱ्याला काहीतरी सुचतं. यंत्राने केलेलं भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून तपासा.

ॲलर्जी नसताना ‘ॲलर्जी आहे’ असं सांगू नये. किचनला भांडी बदलावी लागतात, किंवा ते सरळ नकार देतात. उलट मुलाला दुधाची किंवा अंड्याची खरीच ॲलर्जी असेल तर व्हीगन लेबलावर विसंबू नका. ते लेबल काय घातलं ते सांगतं. त्याच पळीने आधी काय ढवळलं ते सांगत नाही.

हमखास फसवणाऱ्या गोष्टी: चरबीत किंवा मांसाच्याच कढईत तळलेले फ्राइज, अंडं घातलेला व्हेज बर्गर, चीज घातलेला पेस्टो, मेयोनीज, अँकोव्ही हे छोटे मासे असलेला वूस्टरशर सॉस, वरून अंडं किंवा दूध फासलेले बन.

लेबल वाचताना

युरोपीय संघात 14 ॲलर्जीकारक घटक यादीत ठळक छापावे लागतात आणि त्यात दूध, अंडी, मासे येतात. त्यामुळे पाकीट हातात घेतलं की आधी ठळक शब्द बघायचे, पाच सेकंदांत निम्मी छाननी होते. पण मध, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातडीपासूनचं), चरबी त्या यादीत नाहीत. त्यासाठी उरलेलं वाचावंच लागतं. मुलांच्या खाऊत जिलेटिन (गमी, मार्शमेलो), आणि ‘ई’ क्रमांकाने छापलेले घटक, म्हणजे ई120 हा किड्यांपासूनचा लाल रंग, ई901 मधमाशीचं मेण आणि ई904 लाखेची चकाकी जास्त सापडते. ई471 हे तेल-पाणी एकजीव ठेवणारं द्रव्य वनस्पतींचंही असतं आणि प्राण्यांचंही. ‘लॅक्टोज-फ्री’ म्हणजे दूधच, फक्त त्यातली साखर फोडलेली. ‘अंश असू शकतात’ हा इशारा कारखान्यातल्या सरमिसळीचा असतो, घटकाचा नाही. ॲलर्जी नसलेल्याने त्यावरून पाकीट परत ठेवायची गरज नाही.

ताटात काय घ्यायचं

मुलांचा मेन्यू उघडूच नका. त्यात नगेट्स, चीज पास्ता आणि आइस्क्रीम असतं. त्याऐवजी मोठ्यांच्या मेन्यूतली साइड डिशची ओळ बघा: साधा भात, उकडलेला बटाटा, बीन्स, भाजी, ब्रेड. त्यातल्या तीन घेतल्या की मुलाचं ताट होतं. नुसती सॅलड आणि फ्राइज दिली तर पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पुन्हा रडारड. कडधान्य, टोफू किंवा शेंगदाण्याचं काहीतरी हवंच.

पिशवीत दर मुलामागे दिवसाला 200 मिलीची सोया दुधाची दोन पाकिटं (कॅल्शियम घातलेली, फ्रिजबाहेर टिकणारी), दोन केळी, पीनट बटरचं एक सँडविच आणि एक कोरडा खाऊ. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम किंवा पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. व्हिटॅमिन बी12 ची गोळी किंवा थेंब रोजच्यासारखेच चालू ठेवा.

खोलीत फक्त किटली असेल तरी रात्रीचं जेवण होतं. एक वाटी कुसकुसवर (गव्हाच्या रव्याच्या बारीक कण्या) एक वाटी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाका, त्यात कडी ओढून उघडणाऱ्या डब्यातले छोले निथळून घाला, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. नूडल्स किटलीतच शिजवायला जाऊ नका, फेस उतू जातो आणि तळ जळतो. उरलेला भात किंवा शिजवलेलं काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, कडक उन्हात एकच तास. हॉटेलचा मिनीबार, म्हणजे खोलीतला छोटा फ्रिज, बऱ्याचदा पुरेसा थंड नसतो.

विमानातलं

विमान कंपनीकडे खास जेवण कोडने मागायचं असतं. व्हीगन जेवणाचा कोड व्हीजीएमएल (VGML). एव्हीएमएल (AVML) हे शाकाहारी जेवण आहे, त्यात दूध-दही येतं. मुलांच्या जेवणाचा कोड सीएचएमएल (CHML), आणि एका सीटला बहुधा एकच कोड लागतो, म्हणजे मुलासाठी दोन्ही मागता येत नाहीत. व्हीजीएमएल घ्या आणि खाऊ आपला न्या. किमान 48 तास आधी नोंदवा. हमस आणि पीनट बटर सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांत मोजले जाऊ शकतात, म्हणून ते डब्यात नेण्याऐवजी ब्रेडला फासूनच न्या. फळं मात्र उतरण्याआधी संपवा, अनेक देशांत ती आत नेता येत नाहीत. आणि फ्लाइट बदलली की जेवणाची नोंद बऱ्याचदा गळून पडते. नवं तिकीट हातात आलं की पुन्हा कळवा.