शौचातून रक्त पडतंय? आधी काय पाहायचं आणि डॉक्टरकडे केव्हा जायचं

शौचाला रक्त दिसलं की आपल्याकडे घरातल्या घरात निदान होतं: मूळव्याध. मेडिकलमधून मलम येतं, तिखट बंद होतं आणि रक्त थांबलं की विषय मिटतो. पुष्कळदा हे निदान बरोबरही निघतं. पण मूळव्याधीचं रक्त अधूनमधून आपोआप थांबतं, तसंच मोठ्या आतड्यातल्या गाठीचंही थांबतं. म्हणून ‘मलमाने थांबलं’ यावरून काहीच ठरत नाही.

आधी नीट बघा. किळस वाटेल, पण डॉक्टर हेच विचारणार आहेत: रंग कसा, रक्त शौचाला वरून लागलंय की आत मिसळलंय, दुखतं का, किती दिवसांपासून. फ्लश करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे वर्णन करत बसावं लागत नाही. कमोडमध्ये थोड्याशा रक्तानेही सगळं पाणी लाल दिसतं, त्यामुळे पाण्याच्या रंगावरून प्रमाण ठरवू नका. गुठळ्या आहेत का ते पाहा. बायकांनी पुढून आणि मागून वेगवेगळा कापूस टिपून रक्त नेमकं कुठून येतंय याची खात्री करावी. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, तेही आठवा; त्यानेही शौच लाल दिसतं.

लालभडक रक्त, शौच झाल्यावर टपटप किंवा पिचकारीसारखं, आणि दुखणं नाही: हे बहुधा आतल्या मूळव्याधीचं. बाहेरच्या बाजूला एकाएकी कडक, निळसर, हात लावू न देणारा कोंब आला तर आत रक्त साकळलेलं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलात तर सर्जन छोटी चीर देऊन गुठळी काढू शकतात.

शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखं दुखत असेल, नंतर तासन्‌तास ठणकत असेल आणि शौचावर रक्ताची एखादी रेघ असेल, तर ते फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. कितीतरी लोक यालाच मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मूळव्याधीचं मलम लावत बसतात. दुखण्यामुळे तिथला स्नायू आवळतो, रक्तपुरवठा कमी होतो, चीर भरत नाही. त्यात माणूस भीतीने शौच टाळतो, मग ते आणखी खडा होतं. यावर डॉक्टर डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम देतात, ते स्नायू सैल करतं. नायट्रोग्लिसरीनने काहींचं डोकं दुखतं. चीर भरायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात; चार दिवसांत बरं वाटलं म्हणून मलम सोडू नका.

रक्तासोबत आव, मुरडा आणि ताप असेल तर आमांश. यात जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेऊ नका. ओआरएस सुरू करून डॉक्टरांना दाखवा. दर महिन्याला मेट्रोनिडाझोलचा (आमांशावर देतात त्या गोळीचा) कोर्स आणि तरीही आव-रक्त चालूच, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागतंय, असं असेल तर अल्सरेटिव्ह कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या जुनाट आजाराची, तपासणी हवी.

डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच बहुतेकदा जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या रक्तस्रावामुळे होतं. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला अल्सर आणि यकृत खराब झाल्यावर अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा ही त्याची ठळक कारणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, पण ते असं चिकट नसतं.

शौचात मिसळलेलं रक्त, तीन आठवड्यांहून जास्त बदललेली सवय (कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ), पोट साफ न झाल्याची भावना, घटतं वजन, हिमोग्लोबिन कमी: यातलं काहीही असेल तर पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) आणि कर्करोग नाही ना, हे आधी पाहायचं. वय कमी आहे म्हणून हे टाळू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्या बायकांना काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, असं रक्त जाऊ शकतं.

घरी थांबून पाहायचं कुणी? चाळिशीच्या आत, खडा झाल्यावर चार थेंब, वरचं एकही लक्षण नाही, अशांनी. तेही फार तर एक-दोन आठवडे. रात्री दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यात टाकून लगेच प्या आणि वर आणखी एक ग्लास पाणी प्या. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात डेटॉल नको, आग होते. मोबाइल संडासाबाहेर. स्टेरॉइड असलेलं मलम सलग आठवड्याहून जास्त लावू नका. आणि ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. दाहक औषधांनी गुदद्वार आकसलं तर ते निस्तरणं फार अवघड जातं.

पुढचं काही दिसलं तर थांबू नका, १०८ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा: भळभळ रक्त किंवा गुठळ्या, डांबरी शौच, रक्ताची उलटी, चक्कर, घाम, धडधड, पोटात असह्य दुखणं. तान्हं बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन कळवळून रडत असेल आणि जेलीसारखं लाल शौच होत असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तासाभराचाही उशीर नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थोडं रक्त पडलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पण गोळी मनाने बंद करू नका. स्टेंट घातलेल्यांसाठी ते धोक्याचं आहे.

डॉक्टर बोटाने तपासतात आणि प्रॉक्टोस्कोप (एक छोटी नळी) घालून आत पाहतात. दोन-चार मिनिटांचं काम आहे. हे न करता नुसती चिठ्ठी मिळाली तर तपासायला सांगा. पंचेचाळिशीच्या पुढे किंवा घरात आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर मूळव्याध दिसली तरी कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहण्याबद्दल, विचारा, कारण दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. कोलोनोस्कोपीआधी सुमारे आठवडाभर लोहाच्या गोळ्या बंद ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं काय करायचं ते आधीच विचारून घ्या. पोट साफ करायचं औषध सांगितल्याप्रमाणे संपूर्ण प्या: शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला हवं, नाहीतर आतलं नीट दिसत नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.